खुंटीपाशी

बंगळूरच्या तळघरात यंत्र रात्रंदिवस फिरायचं.
करंगळीएवढा पोलादाचा नमुना, टोकाला वजन,
काचेमागे आकडा : बेचाळीस लाख, त्रेचाळीस लाख.
मी खुर्चीतच झोपायचे.
नमुना तुटला की यंत्र थांबायचं
आणि शांततेनं मला जाग यायची.

शोधनिबंध अकरा.
वाचणारे, हात सैल सोडून मोजले तर, चाळीस.
त्यातला एक रशियाचा, पत्रांतून भांडायचा.
तो मला आवडायचा.

मग प्रकल्पाचे पैसे संपले
आणि सांगलीत एक जागा निघाली, वर्षापुरती.
दोन बॅगा, आणि तुटक्या नमुन्यांनी भरलेला
बोर्नव्हिटाचा डबा.
प्राचार्य म्हणाले, मगदूम मॅडम, आठवड्याला अठरा तास,
शिवाय हजेरीपत्रकं, शिवाय गॅदरिंग.
डब्यात काय आहे, ते कुणी विचारलं नाही.

पहिलं वर्ष मी वाईट शिकवलं. हे लिहून ठेवते.
फळ्याकडे तोंड, समीकरणामागून समीकरण,
जणू समोर तो रशियन बसलाय.
मागच्या बाकावर कुणीतरी शेंगा सोलायचं.
टरफलाचा प्रत्येक आवाज मी ऐकायचे,
वळायचे नाही.

पुस्तकात होतं : थकून तुटलेल्या धातूवर
समुद्रकिनाऱ्यासारख्या रेषा उमटतात.
मी तसंच सांगितलं. माना हलल्या.
फार एकसारख्या हलल्या.
समुद्र कुणी पाहिलाय?
साठात नऊ हात.

खडू ठेवला.
बरं, पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्या?

शेंगा थांबल्या.
पाणी जिथं जिथं टेकलं तिथं गाळाची एकेक ओळ,
ती त्यांनी खराट्यानं धुतलेली होती,
आईच्या मागं उभं राहून.
कवठेपिरानचा एक पोरगा उठला :
म्हणजे मॅडम, रोज थोडं थोडं गेलं,
आणि एक दिवस राहिलेलं सगळं एकदम?

इतकं नेमकं वाक्य
माझ्या अकरा निबंधांत नाही.

त्यानंतर टेबलावर तुटक्या वस्तू यायला लागल्या.
तासगावहून ट्रॅक्टरचा आस.
हळद पॉलिश करायच्या ढोलाचा दांडा, अजून पिवळा.
कुपवाडच्या फौंड्रीतले बोल्ट, कुणाच्या मामाचं सायकलचं पायडल
(मामाचा गुडघाही फुटला होता, ते नंतर कळलं).
शिपाई नरसू विचारायचा, भंगारवाल्याला बोलवू का?
वर्षापुरती जागा एकोणीस वर्षं चालली.
बंगळूरचे लोक भेटले की हळू आवाजात विचारतात,
संशोधन सुटलं का पूर्ण?
आजारी माणसाला विचारतात तसं.

मुबीना शिकलगार वर्गात बोलायची नाही.
एकदा तास संपल्यावर तारेचं वेटोळं टेबलावर ठेवलं.
मिरजेत अब्बा सतारी करतात.
तार खुंटीपाशीच तुटते, मधे नाही. का?

हे मला येत होतं. वाक, ताण, पुन्हा पुन्हा तोच वाक.
पानभर काढून दाखवलं.
तिनं नीट ऐकलं.
ते कळलं मॅडम. पण तुटायच्या आधी
अब्बांना आवाजावरून कळतं. ते कसं?

माहीत नाही, म्हणाले.
तिला त्याचं काही वाटलं नाही.
मला बराच वेळ वाटत राहिलं.

शनिवारी मिरजेला गेले.
भुश्शाचा, सरसाचा वास; अर्धे कोरलेले भोपळे.
त्यांनी तार छेडली, मान कलती केली,
दुसऱ्यांदा छेडली नाही.
हिचे दोन दिवस, म्हणाले.
तिसऱ्या दिवशी सकाळी तुटली.
एका दिवसाची चूक. माझ्या जुन्या आलेखात
याहून मोठ्या चुका छापून आल्यात.

आता प्रयोगशाळेत सागाच्या फळीवर तार ताणलीय,
शिलाई मशिनच्या मोटरला बांधलेली नखी ती छेडत राहते,
आकडा मोजायला जुना मीटर.
मुबीना आणि दोघीजणी पाळीपाळीनं वहीत लिहितात :
वेळ, आकडा, आवाज कसा वाटला.
आवाजाच्या रकान्यात एकीनं लिहिलंय, “नाराज.”
मी ते खोडलं नाही.

रात्री विश्रामबागेत पेपर तपासत बसलेय,
सत्तावीस झालेत, तेहेतीस उरलेत.
फोन वाजतो.
मॅडम, तुटली.
खुंटीपाशी ना?

नाही मॅडम.
मधेच.

लाल पेन उघडंच ठेवून
मी चपला शोधायला लागते.